खोगीरवाल्या आत्याचा महासंघ

मैदानाच्या मधोमध एक्सची पाटी मी स्वतः रंगवून रोवली होती आणि तिचा लाल रंग अजून ओला होता.

यात चुकलं काय, हे कळायला ड्रेसाज नावाची भानगड समजून घ्यावी लागेल. घोड्याने उड्याबिड्या न मारता, तालात, आखीव वळणं घेत चालायचं, असा हा खेळ. लांबट मैदानाच्या कडेने अक्षरांच्या पाट्या असतात आणि स्वाराने कुठे वळायचं, कुठे थांबायचं ते त्यांवरून ठरतं. पण ही अक्षरं लावतात कशी, तर ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ! असं का, ते घोड्यांनाही माहीत नसावं. मैदानाचा मध्यबिंदू म्हणजे एक्स, आणि त्याला तर पाटीच नसते. तो मनातल्या मनात धरायचा.

आमच्या गावच्या शाळेत एबीसीडी रांगेने शिकवली होती. पाट्या लावणारा माणूस तापाने आडवा झाला आणि काम माझ्या गळ्यात पडलं, तेव्हा कुणीतरी केलेला गोंधळ निस्तरावा तशा मी पाट्या रांगेने लावल्या. मैदानाच्या नकाशात मधोमध एक्स होता, पण त्याची पाटी सापडेना, म्हणून नवी केली. घोड्यांच्या राष्ट्रीय महासंघात आपल्याकडे एकच गाढव आहे, असं आत्या सांगते, ते तेव्हापासून.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण आणि या महासंघाची सचिव. महासंघ म्हटल्यावर काचेची इमारत डोळ्यांपुढे आणू नका. पुढच्या खोलीत आत्याचं खोगीर शिवायचं दुकान आहे, मागच्या खोलीत महासंघ, आणि मध्ये पडदा. चामड्याचा आणि मेणाचा वास दोन्हीकडे सारखाच. पूर्वीचे सचिव एकदा खोगीर दुरुस्तीला टाकून गेले, सोबत महासंघाचे शिक्के आणि कपाटाची किल्ली ठेवून गेले. म्हणाले, "मुलीच्या लग्नाची गडबड आहे, दोन दिवस सांभाळा." त्या मुलीची मुलं आता शाळेत जातात. खोगीर ते घेऊन गेले, महासंघ राहिला.

गंमत अशी, की आत्या जन्मात कधी घोड्यावर बसलेली नाही. "मी खोगिराची उलटी बाजू बघते," ती म्हणते. "वरच्या बाजूला बसणारे पुष्कळ आहेत."

तिचं काम मात्र घोड्याच्या पाठीसारखंच, स्वस्थ बसू न देणारं. घोडा परदेशी न्यायचा तर त्याचा पासपोर्ट, त्यात लशींची नोंद. माझा पासपोर्ट अजून झालेला नाही, पण आमच्याकडे येणाऱ्या घोड्यांचे झालेत. मग तक्रारी. लहान मुलांच्या स्पर्धेत तट्टूच्या उंचीला मर्यादा असते, आणि प्रत्येक आईबापाला वाटतं की मोजपट्टीच खोटी.

"अहो, वाढलंय तुमचं तट्टू," आत्या फोनवर समजावते, "आता मी काय वरून दाबू त्याला?"

आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, घड्याळं दुरुस्त करत असत. आता ते बैठकांना चहा करतात. "लग्न माझ्याशी केलंय," ते पाहुण्यांना सांगतात, "संसार घोड्यांचा चाललाय."

पण सगळ्यात अवघड जनावरं म्हणजे दोन अध्यक्ष. देशातले दोन मोठे क्लब, एक टेकडीवरचा आणि एक टेकडीखालचा. वरचे अध्यक्ष ज्याला हो म्हणतील त्याला खालचे नाही म्हणणार. त्यांच्या भांडणात गेल्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धाच झाली नव्हती. तेव्हा आंतरराष्ट्रीय संघटनेने कळवलं, की यंदा आमचा निरीक्षक येईल, आणि स्पर्धा नीट पार पडली नाही तर तुमची मान्यता काढून घेऊ. मान्यता गेली की आपला एकही स्वार बाहेरच्या मैदानात उतरू शकत नाही. आत्याला त्याहून एक जास्तीची ओढ होती. वरच्या क्लबकडून उतरणारा फौजेतला एक हवालदार या वेळी परदेशातल्या स्पर्धेसाठी निवडला जाईल, असं सगळेच म्हणत होते, आणि तो तिने शिवलेल्या खोगिरावर बसत असे. आपल्या हातचं खोगीर परदेशी जावं, एवढी एकच हौस तिने आयुष्यात बोलून दाखवली होती.

आणि त्या स्पर्धेचं मैदान मी मांडलं होतं.

घंटा वाजली. पलीकडच्या टोकाला परीक्षकबाईंनी समोर बघितलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तोवर हवालदाराचा तांबडा घोडा ए पाशी आत शिरून सरळ रेषेत मधोमध निघाला होता. रुबाब बघत राहावा असा. मग त्याला एक्स दिसला. तो थबकला, नाकातून भला मोठा फुत्कार सोडला, मागच्या पायांवर गर्रकन वळला आणि हवालदारासकट आला तसा ए मधून बाहेर गेला.

मैदान सोडलं की बाद, असा नियम.

"बाद!" खालचे अध्यक्ष ओरडले.

"बाद काय? मैदान आहे की दुकानाचा बोर्ड?" वरचे अध्यक्ष उभे राहिले. "आम्ही निघतो. सगळे घोडे गाडीत घाला."

निरीक्षक शांतपणे टोपणपेनाचं टोपण काढत होते. आत्या माझ्याकडे वळली.

"शहाण्या, तो एक्स कुणी लावला?"

"हरवला होता, म्हणून मी..."

"चांगला रंगवलायस," ती म्हणाली, आणि चपला वाळूत रुतवत थेट परीक्षकबाईंच्या टेबलाकडे चालू लागली.

"मैदान आम्ही चुकीचं मांडलंय," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "चूक महासंघाची. घोड्याची नाही, स्वाराची नाही. ही फेरी धरू नका."

"वा!" खालचे अध्यक्ष हसले. "खोगीर कुणाचं आहे त्याच्या पाठीवर? तुमचंच ना? म्हणून एवढा पुळका!"

आतोबांच्या हातातली किटली तशीच राहिली. आत्या हवालदारापाशी गेली, त्याला खाली उतरायला सांगितलं आणि पट्टे सोडून ते खोगीर स्वतःच्या खांद्यावर घेतलं.

"हे मी घरी नेते," ती खालच्या अध्यक्षांना म्हणाली. "तुमच्या क्लबचं द्या. मग तर झालं? तो जिंकला तर तुमच्या खोगिरावर जिंकेल."

खालच्या अध्यक्षांना नाही म्हणायला जागाच उरली नाही. परीक्षकबाईंनी फेरी पुन्हा घ्यायला मान डोलावली आणि त्यांनी खोगीर आणायला माणूस पिटाळला. तोवर आत्याने दोन्ही क्लबांची माणसं पाट्यांना जुंपली. "ओ अध्यक्ष, बघत काय उभे? तुम्ही के घ्या. तुम्ही एच. भांडण नंतर करा, मी चहा पाजते." दोन अध्यक्ष बगलेत एकेक अक्षर घेऊन शेजारी शेजारी चालले, हे दृश्य महासंघाच्या इतिहासात पहिलंच. मी एक्स उपटला. सदऱ्याला लाल रंग लागला तो लागलाच.

हवालदार दुसऱ्यांदा आत आला. तांबडा घोडा एक्सच्या जागी क्षणभर संशयाने घुटमळला, तिथे काही नाही असं बघून थांबला, आणि पुढे जे चालला ते बघून खालचे अध्यक्षसुद्धा टाळ्या वाजवायला लागले. आपल्याच खोगिराला, असं ते नंतर म्हणाले.

निवड झाली. मान्यता राहिली. निरीक्षकांनी जाताना एकच सूचना केली, की अक्षरं यापुढे जाणकार माणसाने लावावीत. ते हे म्हणाले तेव्हा आतोबा मुद्दाम माझ्याकडे बघत होते.

घरी येताना आत्याच्या मांडीवर तिचं खोगीर होतं. मला फार वाईट वाटत होतं.

"आत्या, तुझं खोगीर राहिलंच की गं."

"त्यांच्या क्लबचं खोगीर उलटं करून बघितलंस?"

"नाही."

"आतली सगळी शिवण माझी आहे. दोन वर्षांपूर्वी उसवलं होतं तेव्हा अख्खं खोलून नव्याने शिवलं. देशात खोगिरं शिवणारे आहेत किती रे? कुणाचं मागितलं असतं तरी मीच निघाले असते."

"आणि हे तू तिथे बोलली नाहीस?"

"त्यांनी विचारलं कुठे?" ती खिडकीबाहेर बघत हसली. मग एकदम म्हणाली, "माणसांची माफी मी मागितली. घोड्याची तू मागायचीस. गाजरं घेऊन जा."

"जातो की."

गेलो होतो. तबेल्याच्या कठड्यावरून त्या तांबड्याने मान बाहेर काढली आणि माझ्या सदऱ्यावरच्या लाल डागाकडे बघून तोच फुत्कार सोडला. मी फाटकापर्यंत मागे आलो आणि गाजरं तिथे उभ्यानेच खाल्ली. चांगली होती.

परवा हवालदार दुकानात आला होता. "घोडा विचारत होता तुम्हाला," तो म्हणाला.

"येतो म्हणावं," मी म्हणालो. पडद्याआडून आत्या खोकली.