राबावरचे खड्डे

मी वाचायला शिकलो तो पत्रकांवरून. वडील गिरणीत होते. गेटवर वाटलेली पत्रकं ते घडी घालून घरी आणायचे आणि आई ती फडताळात डब्यांखाली अंथरायची. डाळीचा डबा उचलला की खाली 'बंधूंनो' दिसायचं. छापलेला कागद अन्यायाच्या विरुद्ध असतो, अशी माझी समजूत लहानपणीच झाली. ती कशी गेली, ते इथे सांगतो.

आम्ही बोरीवलीला राहायला आलो, तेव्हा डोंगराकडच्या जंगलाचं उद्यान होऊन थोडेच दिवस झाले होते. श्रमदानाचे ते दिवस. कुठे रस्ता, कुठे विहीर, कुठे बांध. रविवारी हातात कुदळ नसलेल्या तरुणाला लाज वाटावी अशी हवा होती. शाळेतून निवृत्त झालेले एक मास्तर आमच्या भागात स्वयंसेवक जमवत. पावसाळ्यात उद्यानात झाडं लावायची, म्हणून मे महिन्यातच खड्डे खणून ठेवायचे असं ठरलं. पत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलं.

लिहिण्याआधी मी एकदा उद्यानाच्या गार्डबरोबर डोंगर फिरून आलो. उतारावर लांबून काळे चौकोन दिसत होते. हे काय म्हणून विचारलं, तर गार्ड म्हणाला, पाड्यावरचे वारली जाळतात. एवढंच. मी पुढे काही विचारलं नाही, जवळ जाऊन पाहिलंही नाही. घरी येऊन लिहिलं : 'जंगल जाळणारे हात पुष्कळ आहेत, झाडं लावणारे हात हवेत.' हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते ठळक छापायला सांगितलं. गुलाबी कागदावर छापलेलं ते पत्रक आम्ही बोरीवलीपासून मालाडपर्यंत वाटलं.

त्या रविवारी अपेक्षेपेक्षा जास्त माणसं आली. बहुतेक कारकून, काही शिक्षक, माझ्यासारखे दोन-चार गिरणी कामगारांचे मुलगे. गार्डने जागा दाखवली ती त्या काळ्या चौकोनांपैकीच एक. जळलेल्या जागेवरच पहिलं झाड, असं मास्तर म्हणाले आणि सगळ्यांना ते पटलं. दोरी बांधून ओळी आखल्या. कुदळ घातली की रुतत होती. माझा मित्र कस्टममध्ये कारकून होता. तो म्हणाला, "लोण्यासारखी आहे रे जमीन. सरकारी असून इतकी मऊ?" सगळे हसले.

तिसऱ्या खड्ड्याला माझ्या हाताशी राखेत दाणे आले. भाताचे, तुसासकट. एकदोन नव्हे, मूठभर.

मी थांबलो. आमचं गाव कोकणात. लहानपणी मे महिन्यात गावी गेलो की चुलत्यांचा राब मी पाहिलेला होता. भाताचं रोप जिथे टाकायचं, ती जागा आधी भाजून काढतात. शेण, फांद्या, पालापाचोळा, वर माती असे थर रचून सावकाश जाळतात. तण मरतं, राख खत होते. मग पावसाच्या तोंडावर त्या राखेत बी फेकतात. घराचं वर्षाचं भात त्या चौकोनातून उठतं. कडेचा बोटभर उंचीचा मातीचा बांध, एकसारखी काळी जमीन, सगळं माझ्या समोर होतं. मला हे लांबूनच ओळखता यायला हवं होतं.

ओळखल्यावर मी काय केलं, तर काही नाही. आजूबाजूला तीस-चाळीस माणसं माझ्या वाक्यावर खणत होती.

तेवढ्यात डोक्यावर पाण्याची घागर घेतलेली एक बाई त्या बांधापाशी येऊन उभी राहिली. तिशीची असेल. ती ओरडली नाही. घागरसुद्धा खाली ठेवली नाही. मास्तर तिच्याकडे गेले आणि झाडं म्हणजे पाऊस, पाऊस म्हणजे समृद्धी, असं तिला समजावू लागले. ते मनापासून बोलत होते. शेवटी म्हणाले, बाई, तुम्हीही आमच्यात या, श्रमदान करा. तिने ते ऐकून घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. थांबलेला मी एकटाच होतो.

"तुझ्या हातात काय हाय?"

"भात," मी म्हणालो.

"मग?"

मी मास्तरांना बाजूला घेऊन सांगितलं की हा राब आहे, बी टाकलेलं आहे. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी गार्डला विचारलं. गार्ड म्हणाला, जागा उद्यानाची आहे, त्यांचा काय संबंध? हाच गार्ड दरवर्षी पाड्यावरून कोंबडी घेऊन डोळेझाक करायचा, हे मला नंतर कळलं. या वर्षी वरचा साहेब पाहणीला येणार होता. मास्तर म्हणाले, इतकी माणसं जमवली आहेत, अर्ध्यावर कसं सोडायचं? दुपारपर्यंत खड्डे पुरे झाले. मीही खणले.

पुढच्या रविवारी मी पाड्यावर गेलो. त्या बाईचा नवरा ताडावरून पडून पायाने अधू झालेला. सासू, दोन लेकरं. मी म्हटलं, तबेल्यांतून शेण आणतो, पाला गोळा करतो, पुन्हा राब भाजू. ती हसली. म्हणाली, शिमग्यापासून थर रचते मी, तू आठ दिवसांत रचणार? आभाळ तर भरलंय. आणि बी? कणगीत राखून ठेवलेलं बी तर आम्ही उकरून टाकलं होतं.

मी गावठाणातल्या एका शेतकऱ्याकडून टोपलीभर बियाणं आणलं. तिने मूठ भरून पाहिलं.

"ह्यो खाडीकडचा भात. डोंगरावर नाय यायचा." टोपली आत नेता नेता म्हणाली, "कांडून खाऊ. तुझी चक्कर फुकट नाय जायची."

मी संतापलो होतो, आणि संताप आला की मला एकच गोष्ट करता येत होती. मी दुसरं पत्रक लिहिलं. त्यात काही लपवलं नाही. आम्ही राब खणला, चूक आमची, असं लिहिलं. हे लोक आजोबा-पणजोबांपासून इथे शेती करतात, हे ठसावं म्हणून पाड्याचं नाव दिलं, आणि बाकीचे तीन राब कुठल्या उतारावर, कुठल्या ओढ्याच्या वर आहेत, तेही दिलं. पुरावा असला की अन्याय टिकत नाही, असं मला वाटत होतं. माझ्या मित्राने ते वाचून, "झकास लिहिलंयस," म्हटलं. मास्तरांनी छपाईला मदत केली. त्यांनाही ते मनावरचं ओझं उतरवायचं होतं.

आषाढात झाडं लावायचा समारंभ झाला. मी लांब उभा होतो. साहेबाचं भाषण संपल्यावर गार्ड माझ्याजवळ आला. त्याच्या खिशात माझं पत्रक होतं, भिजून मऊ झालेलं.

"साहेबांनी हेच धरून तिन्ही जागा शोधून काढल्या," तो म्हणाला. "मला शोधत फिरावं नाही लागलं."

त्या राबांत भाताची वीतभर वाढलेली रोपं होती. लावणीला आठवडा उरला होता. तिन्ही राब गुरं घालून तुडवले गेले. आता वाट एका घराची नव्हे, सगळ्या पाड्याची लागली होती.

आमच्या झाडांना पावसानंतर कोणी पाणी घालायला गेलं नाही. श्रमदान खड्ड्यापुरतं असतं. दिवाळीपर्यंत बहुतेक वाळली.

ती मला त्यानंतर मालाडच्या दगडखाणीवर भेटली. भेटली म्हणजे मी शोधत गेलो. धाकटं लेकरू खडीच्या ढिगाजवळ गोणपाटावर निजलं होतं. सासू पाऊस संपता संपता गेली होती. कशाने, असं मी विचारलं तेव्हा ती टोपली उचलून पुन्हा कामाला लागली. दुसऱ्या खेपेला माझ्याजवळून जाताना थांबली.

"अजून लिवतोस?"

मी हो म्हणालो.

"लिव. पण जागा नको लिवू."

पाड्यावरची चार घरं तोवर जंगलात आणखी आत गेली होती आणि तिथे कुठेतरी पुन्हा राब भाजणार होती. कुठे, ते तिला ठाऊक होतं. तिने मला सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.