भाऊसाहेबांनी पालथा घातलेला मॉनिटर

शाळांच्या ऑफिसांतले संगणक मी राजारामपुरीत बसून दुरुस्त करतो. सगळ्यांचे नंबर आणि पासवर्ड माझ्या वहीत आहेत. नंबर टाकला की समोरच्याचा संगणक माझ्या पडद्यावर उघडतो आणि त्याचा माऊस माझ्या हातात येतो. दुसऱ्याचा माऊस हातात आल्यावर माणूस किती दिवस शहाण्यासारखा वागणार? कुणी कामाच्या वेळेत पत्ते खेळत बसलेला सापडला, तर त्याची पुढची चाल मीच खेळून टाकायचो.

गारगोटीजवळच्या एका शाळेतले क्लार्क, म्हणजे भाऊसाहेब, हे माझं आवडतं गिऱ्हाईक. मला ते पावणं म्हणायचे.

त्या दिवशी दहावीच्या परीक्षेचे फॉर्म भरायची मुदत पाच वाजता संपत होती, आणि चौदा मुलांचे फॉर्म राहिले होते. साईट उघडत नव्हती, ती मी तीनच्या सुमारास उघडून दिली. जाता जाता कीबोर्डच्या तीन कळा दाबून त्यांचा पडदा उलटा केला. दोन मिनिटं गंमत बघायची आणि सरळ करायचा, एवढाच बेत.

"पावणं, फॉर्म डोक्यावर हुभा ऱ्हायलाय की वो!" भाऊसाहेबांचा फोन आला.

मी हसायला तोंड उघडलं आणि आमची लाईट गेली. फोनवरून तीन कळा सांगाव्यात, तर ते फोन ठेवून मोकळे झालेले. पुन्हा लावला, उचलेनात. चौदा मुलांचं वर्ष माझ्या गमतीपायी जातंय, हे मला काळ्या पडद्यात अगदी स्पष्ट दिसलं.

साडेचारला लाईट आली. घाईघाईने जोडणी केली. माझ्याकडे त्यांचा पडदा कायम सरळच दिसतो. पाहतो तर दहावा फॉर्म भरला जात होता! कसा, याचा विचार न करता मी तीन कळा दाबून पडदा सरळ केला. लगेच फोन.

"कोन हाय रं त्यो? हात काढ!"

"भाऊसाहेब, मीच. सरळ केलं."

"सरळ? आवो, मी अख्खा मॉनिटर पालथा घालून, हजेरीच्या गठ्ठ्यांना टेकवून बसलोय! आता पुन्हा उलटं झालं न्हवं! हुतं तसं करा आदी!"

केलं.

"राहिलेले मी भरू का?"

"पोरांच्या आयांची नावं तुमास्नी म्हाईत हायती व्हय?"

माहीत नव्हती. मी हात मांडीवर ठेवून बघत राहिलो. ते एका बोटाने टाईप करत होते. चौदावा फॉर्म गेला तेव्हा पाच वाजायला तीन मिनिटं होती.

"पावणं, केलतं कुणी ह्ये?"

विजेवर ढकलणारं एक सुरेख भाषण तयार होतं माझ्याकडे. ते गिळलं.

"मी."

"मग उद्या या. हितं. सोत्ता."

गेलो. मॉनिटर दोन्ही हातांनी उचलून सुलटा ठेवला, तीन कळा दाबल्या, गठ्ठे कपाटात लावले. भाऊसाहेब दारात उभे राहून चहा पीत होते. मला विचारला नाही.