मास्तरांनी बुजवलेला वारा

मास्तरांच्या तोंडाला लागायची हिंमत गल्लीत कोणाची नव्हती. मास्तर म्हणजे शिंपी, पण रुबाब असा, की गिऱ्हाइकाने श्वाससुद्धा त्यांना विचारून घ्यावा. ‘जरा सैल ठेवा’ म्हणणाऱ्याला ते ‘मग पोतं गुंडाळा’ म्हणत. कापडाची चिंधीही त्यांनी कधी वाया घालवली नाही. माणसं मात्र सढळ हाताने घालवली.

घर दुमजली, वडिलांनी स्वतः बांधलेलं. वडील गवंडी होते. त्यांनी घराच्या मधोमध, जमिनीपासून गच्चीपर्यंत, एक पोकळी मोकळी सोडली होती. मागच्या झाडांखालची गार हवा तळमजल्यात शिरायची, पोकळीतून वर चढायची, वरच्या खोल्यांतली कोंदट हवा सोबत ओढून न्यायची आणि गच्चीवरच्या झडपांतून बाहेर पडायची. पंखा नुसता नावाला. वडील गेल्यावर खालचा मजला धाकट्या भावाकडे आला, तो बस चालवायचा, आणि वरचा मास्तरांकडे.

पण पोकळीतून हवेबरोबर बोलणीही वर यायची. मास्तरांना ते बरंच होतं. इस्त्री बाजूला ठेवून ते पोकळीच्या खिडकीला कान लावून बसत. एका दुपारी धाकट्याची बायको खाली हसत म्हणाली, “वरच्यांच्या मशीनपेक्षा त्यांचं तोंडच जास्त चालतं बाई!” झालं. मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यांनी भांडण केलं नाही. भांडले असते तर परवडलं असतं. त्यांनी गवंडी बोलावला आणि पोकळीत आपल्या मजल्याच्या पातळीवर स्लॅब टाकून घेतला. कापडाच्या गाठी ठेवायला ऐसपैस जागा झाली. वरून धूळ पडू नये म्हणून गच्चीवरच्या झडपाही पत्र्याने बंद केल्या. धाकटा धावत वर आला.

“दादा, अरे बाबांनी विचार करून ठेवलं होतं ते. घर तापेल.”

“तुझं तापेल. कर सहन.”

“माझ्या डोक्यावर तुझा मजला आहे. तुझ्या डोक्यावर ऊन आहे. कळतंय का तुला?”

“मला शिकवायला येऊ नकोस. आधी बायकोला गप्प बसायला शिकव.”

धाकट्याचंच खरं झालं. खालच्यांना मागची झाडं होती, पुढचं दार होतं, त्यांचं भागलं. मास्तरांचा मजला मात्र भट्टीसारखा तापू लागला. दिवसभर गच्ची ऊन प्यायची आणि संध्याकाळी ते खाली ओतायची. पण चूक कबूल करतील तर ते मास्तर कसले! त्यांनी एसी आणला आणि शिवणखोलीत लावला, कारण तिथे गिऱ्हाइकं यायची. विजेचं मीटर गरगर फिरायला लागलं. यंत्राची गरम हवा बाहेर जायची ती स्वयंपाकघराच्या खिडकीशेजारी. आणि त्या खिडकीशी ओट्यापुढे उभी असायची त्यांची बायको.

तिला दम्याचा त्रास होता. ती म्हणायची, “अहो, गुदमरतंय मला इथे. तो स्लॅब काढा तरी, नाहीतर ते यंत्र हलवा.”

“घाम गाळून कोणी मरत नाही,” मास्तर म्हणायचे आणि शिवणखोलीचं दार लावून घ्यायचे. गारवा बाहेर जाऊ नये ना!

एका दुपारी गिऱ्हाईक बाहीचं माप देत असताना आत भांडं पडल्याचा आवाज झाला. मास्तरांनी तिथूनच खेकसून पाहिलं. उत्तर आलं नाही. ते आत गेले तेव्हा बायको ओट्याखाली पडली होती आणि तिचे ओठ निळे पडले होते. ते धाकट्याला हाका मारू लागले. हाका ऐकून धाकटा जिना चढून आला, त्याने वहिनीला उचललं, खाली नेलं, डॉक्टर बोलावला. दिवस उलटले, तशी ती सावरली. पण खालीच राहिली.

मास्तरांनी कापडाच्या गाठी बाहेर काढल्या आणि माणूस आणून स्लॅब फोडायला लावला. राडारोडा खाली कोसळत होता. धाकट्याने खाली ताडपत्री अंथरली. गच्चीवरचे पत्रे मास्तरांनी स्वतःच्या हाताने उचकटले. लगेच खालून हवा वर यायला लागली. मास्तर ताठ मानेने खाली गेले.

बायको खाटेवर उशीला टेकून बसली होती. जाऊ तिच्या शेजारी होती.

“वर वारा सुरू झालाय,” मास्तर म्हणाले. “चल.”

“मी गुदमरतंय म्हणत होते तेव्हा का नाही फोडलात?”

“आता फोडला ना? अजून काय करू?”

“मी पडले म्हणून फोडलात. पडले नसते तर?”

मास्तरांनी गळ्यातली टेप सारखी केली. मग सवयीने त्यांच्या तोंडून निघालं, “आणि लोक काय म्हणतील?”

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. रागाने नाही, परक्या माणसाकडे बघावं तशी.

“लोकांना सांगा, बायकोला श्वास घ्यायचा होता,” ती म्हणाली. “तुमचं जेवण वर पाठवीन. मी येणार नाही.”

मास्तरांनी आशेने धाकट्याच्या बायकोकडे पाहिलं. तिने काहीतरी तोडून बोलावं, म्हणजे तिच्यावर तरी तुटून पडता आलं असतं. ती नुसती उठली आणि तिने जावेच्या पायांवर चादर घातली.

मास्तर जिना चढून वर आले. सगळा मजला गार झाला होता, पडदे हलत होते. ते मशीनपाशी बसले, पण पाय पॅडलवर चालेना. ते स्वयंपाकघरात गेले, तिथेही छान वारा होता. ओरडायला तोंड उघडलं, आणि ओरडावं असं घरात कोणी नव्हतं.