हलव्याच्या परातीपाशी तेलुगू

भाषेवरून राज्याचे तुकडे झाले, मराठी जिल्हे तिकडे गेले आणि आम्ही इकडे तेलुगू मुलखात, नल्लकुंट्यात होतो तिथंच राहिलो. ह्यांची कचेरी इथलीच. धाकटे दीर औरंगाबादला गेले. लेकीला शाळेत तेलुगू लागली आणि घरात पोपटासारखी बोलणारी पोर वर्गात मुकी बसू लागली. माझा स्वभाव असा, की एकदा डोक्यात घेतलं की सगळ्या घराला कामाला लावायचं. संक्रांतीच्या सुट्टीत मी फर्मान काढलं: हलव्याचे दागिने करायला जो बसेल त्यानं तेलुगूतच बोलायचं. मराठी शब्द निघाला की परातीपासून उठायचं.

शेजारच्या तेलुगू अक्का सकाळी मला शब्द शिकवायच्या, दुपारी मी तेच मुलांना. तिळाला नुव्वुलु, साखरेला चक्केरा. धाकट्या लेकाचं बोरन्हाण होतं. अक्का म्हणाल्या, त्यांच्यातही भोगीला लेकरांवर बोरं ओततात. मला वाटलं, अर्धी लढाई जिंकलीच.

पण हलवा करणार कोण? ह्यांच्या आत्याबाई. तरुणपणी विधवा होऊन माहेरी आलेल्या, आता आमच्याकडे असायच्या. मंद निखाऱ्यांवर परात, तिळावर थेंब थेंब पाक, आणि बोटांनी फिरवत राहायचं, तेव्हा कुठं दाण्यावर काटा येतो. दरवर्षी काटा येईपर्यंत त्या गोष्टी सांगायच्या आणि मुलं जागची हलायची नाहीत.

पहिल्याच दुपारी त्या बोलून गेल्या, "अगं पोरी, निखारा सार की, पाक करपायलाय."

"आत्याआजी बाद! आत्याआजी बाद!" मुलांनी टाळ्या पिटल्या. तेही मराठीतच, पण तिकडं कोण बघतो!

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी हसत म्हटलं, "नियम म्हणजे नियम, आत्याबाई."

"तोंडाला कुलूप लावून हलवा होत असतोय का, बाई?" म्हणत त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

थोड्या वेळानं मीच त्यांना परत बोलावलं, कारण माझ्या हातून हलव्याला काटा येईना. त्या आल्या, पण बोलल्या नाहीत. मुलं तेलुगूत काही विचारायची, त्या मान हलवून "अवुनु" म्हणायच्या. हो म्हणायचा तेवढा एकच शब्द त्या शिकल्या होत्या. हलवा मात्र सुरेख झाला.

बोरन्हाणाच्या दिवशी मुकुट, हार घालून धाकटा आधी त्यांच्याकडे धावला आणि तेलुगूत काहीतरी लांबलचक सांगत सुटला. त्या "अवुनु" म्हणाल्या आणि त्याचा मुकुट सरळ केला. नियम तिथंच मोडायला हवा होता. पण लेक अक्कांशी घडाघडा बोलत होती, आणि मी त्या कौतुकात बुडालेली.

थोड्याच दिवसांत दीर आत्याबाईंना न्यायला आले. आत्याबाईंनीच त्यांना निरोप धाडला होता, हे मला काचीगुडा स्टेशनात कळलं. "तिकडं शेजारपाजार बोलका आहे," एवढंच दीर म्हणाले. लाजेनं मला मान वर करवेना. गाडीच्या खिडकीशी जाऊन मी म्हटलं, "संक्रांतीला याल ना? तुमच्याशिवाय हलवा कोण करणार?" तेव्हाही मला हलवाच आठवला!

दोन्ही हातांनी मांडीवरचं गाठोडं धरून त्या म्हणाल्या, "अवुनु."

मुलं खिदळली. आत्याबाईंच्या तोंडून एखादा मराठी शब्द निघेल, निदान रागाचा तरी, म्हणून मी गाडी हलेपर्यंत खिडकीचा गज धरून उभी होते.

पुढच्या संक्रांतीला हलवा सुलतान बाजारातून आणला.