चिठ्ठ्या कोण ठेवत होतं?

आज गंगाखेडहून सोनपेठला येताना एसटीत माझी लबाडी पकडली गेली.

कौसाबाई मजुरीवरून त्याच गाडीनं परततात. त्यांना वाचता येत नाही. खिडकीतून रुमाल टाकून त्या माझ्यासाठी जागा धरतात आणि मी त्यांना हातातली कादंबरी सांगते. सध्याची निजामाच्या काळातली आहे. मिशनच्या दवाखान्यातली नर्स मार्था, तिच्यावर जीव जडलेला मास्तर आणि दर रविवारी चर्चमध्ये तिच्या बायबलात निनावी चिठ्ठी ठेवणारं कुणीतरी.

आज ऑफिसातून निघतानाच डोकं भणभणत होतं. "लग्न झालं दोघांचं, संपली गोष्ट," म्हणून मी डोळे मिटले.

"अन् चिठ्ठ्या कोण ठेवायलं व्हतं?"

"मास्तरच."

"त्याला तर चिठ्ठ्यांचा लय राग यायचा. तुमीच म्हनलाव परवा." मग हळूच म्हणाल्या, "थकलाव ताई तुमी. झोपा. उद्या खरं सांगा."

शेवटची चाळीस पानं मी वाचलेलीच नाहीत. आता भात कुकरला लावून तीच वाचत बसलेय.

तुमचं पुस्तक संपायची वाट दुसरं कुणी बघतं का हो?