नत्थूजींनी कानस खाली ठेवली

महाल भागातल्या एका बोळात नत्थूजींचं वाद्यदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, एक ओटा, आणि त्यामागे पेट्यांचे भाते, तबल्याच्या पुड्या, जुन्या तारांची भेंडोळी. कुणाला जुनं वाद्य घ्यायचं असलं, नाहीतर अदलाबदल करायची असली, की दोन्हीकडची माणसं आधी नत्थूजींच्या ओट्यावर येऊन बसत. त्यांचा शब्द शेवटचा.

त्यांची रीत मात्र उफराटी होती. ते वाद्य स्वतः कधी वाजवून बघत नसत. मालकाला वाजवायला लावत आणि त्याच्या हाताकडे टक लावून बसत. त्यांचं म्हणणं असं, की वाद्याची खोड मालकाच्या बोटांना ठाऊक असते. पेटीची एखादी पट्टी अडकत असेल तर मालक तोंडानं हजार गुण गाईल, पण त्याचं बोट त्या पट्टीला नकळत टाळून पुढे जाईल. मला हा सगळा आव वाटायचा. पुढे कळलं, की तरुणपणी ते स्वतः वाजवून दाखवायचे आणि त्यांचा हात इतका गोड होता की फुटकं वाद्यही चांगल्या भावात खपून जायचं. एका गरीब भजनी मंडळाची अशीच फसगत झाली. त्या दिवसापासून त्यांनी सौद्याला आलेल्या वाद्यावर बोट चालवणं सोडलं होतं.

अठ्ठ्याहत्तर साली आमच्या गायन पार्टीवर वाईट दिवस आले होते. आम्ही इंदोरा वस्तीतले. प्रयागबाई गायच्या आणि पेटी वाजवायच्या, मी ढोलकीवर. जयंतीच्या कार्यक्रमांत दुसऱ्या पार्ट्यांकडे इलेक्ट्रिक गिटार आली होती. त्यांची गिटार सुरू झाली की माणसं माना डोलवत आणि आमची पाळी आली की शेंगदाणे घ्यायला उठत. प्रयागबाईंचा आवाज ऐकायचा सोडून शेंगदाणे! मला तर एकेकाची गचांडी धरावीशी वाटे.

तशात कळलं, की लहानू आपली गिटार देऊन पेटी घ्यायला तयार आहे. लहानू दिवसभर मागावर काम करायचा आणि लग्नसराईत एका आर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. आमच्याच भागातला, हात नावाजलेला. असा माणूस गिटार का सोडतो हे मी विचारलंही नाही. प्रयागबाईंकडे त्यांच्या नवऱ्याच्या मागे राहिलेली दुसरी पेटी होती, ती द्यायची, गिटार आणायची आणि ती मी शिकायची, असं ठरलं. माझी बोटं तर आधीच शिवशिवत होती.

नत्थूजींच्या ओट्यावर लहानूनं गिटार ॲम्प्लिफायरला जोडली आणि वाजवायला लागला. बोळातले दोन सायकलवाले पाय टेकून थांबले. मी खूश होतो. नत्थूजी मात्र त्याच्या डाव्या हाताकडे बघत होते. दांडीवर पितळेच्या आडव्या पट्ट्या असतात, त्यांना पडदे म्हणतात. एका ठरावीक पडद्याशी आलं की लहानू तिथे तार सरळ दाबत नव्हता. खालच्या पडद्यावरून बोट घसरवत वर नेत होता. ऐकायला ते फार गोड लागत होतं. पण प्रत्येक वेळी तिथेच, आणि प्रत्येक वेळी तसंच.

नत्थूजींनी हात वर केला. म्हणाले, ह्या पडद्याला खाच पडलेली आहे, इथं सरळ दाबली तर तार झणझणत असणार, ही गिटार बरोबरीच्या मोलाची नाही.

मी लहानूकडे पाहिलं. तो भांडेल, शपथा घेईल असं वाटलं होतं. तो नुसता मान खाली घालून बसला. प्रयागबाईंनी पेटीवर कापड घातलं आणि उठायला लागल्या. मला नत्थूजींचा असा राग आला म्हणता! ते मात्र शांतपणे म्हणाले, की निराश होऊ नका, पडदा घासून सारखा करून देतो. त्यांनी कानस उचलली, गिटार मांडीवर ओढली आणि कानस पडद्याला टेकवली.

लहानूनं त्यांचं मनगट धरलं.

"कानस नका लावू, नत्थूजी. गिटारीत काही खोट नाही. माह्यं बोट वळत नाही."

मागात सापडलं होतं. डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट. त्या पडद्याशी आलं की दुसरं बोट खालून घसरवत न्यावं लागे. आर्केस्ट्रावाल्यांना कळलं तर काढून टाकतील म्हणून त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण हसत हसत म्हणतो. पण ज्याला कालपर्यंत नाचता येत होतं, तो अंगणाला वाकडं म्हणू देत गप्प बसला होता. नावाला लागलेला बट्टा गिटारीनं सोसला असता. कानस चांगल्या पडद्यावर चालणं मात्र त्याला बघवलं नाही.

नत्थूजींनी कानस खाली ठेवली. मग इतक्या वर्षांत केलं नव्हतं ते केलं, त्या पडद्यावर स्वतः बोट दाबून तार छेडली. स्वर स्वच्छ निघाला. त्यांचा चेहरा पार उतरला.

"मग पेटी कायले पायजे तुले?" प्रयागबाईंनी विचारलं.

"पेटीले डाव्या हातानं भाता हाणाचा असते, बाई. बोटं उजव्याच हाताची लागते."

प्रयागबाईंचे डोळे भरून आले. पेटीवरचं कापड काढून त्यांनी ती त्याच्याकडे सरकवली.

"घे, लहानूभाऊ. पण बसाचं आमच्याच पार्टीत."

तो बसला, मरेपर्यंत. तो पेटीवर आल्यावर प्रयागबाई नुसत्या मोकळ्या गाऊ लागल्या. मला गिटार त्यानंच शिकवली, स्वतः वाजवून दाखवत. ढोलकी मी भाच्याला दिली.

लहानू गेला त्यानंतर कीबोर्डचं खूळ निघालं. मीही गिटार देऊन कीबोर्ड घ्यायचं ठरवलं आणि पारखायला नत्थूजींकडे गेलो. ते थकले होते. त्यांची रीतही बदलली होती. मालकाचा हात हातात घेऊन आधी एकेक बोट वळवून बघत, मगच वाजवायला सांगत. माझी बोटं ठणठणीत निघाली. मी वाजवलं. मध्येच त्यांनी थांबवलं आणि तोच पडदा दाबायला सांगितला. मी दाबला, स्वर स्वच्छ आला.

"मग घसरत काहून गेला तिथं?"

मी म्हटलं, ती जागा तशीच वाजवतात.

"तशी कोणी नाही वाजवत, शालिकराम," नत्थूजी म्हणाले. "तशी लहानू वाजवे."

त्यांनी गिटारीचं मोल सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. वायर गुंडाळली आणि गिटार घरी घेऊन आलो.