फाटकावरचं फडकं

आमच्या आत्याला गल्लीत सगळे ‘पांढरं निशाण’ म्हणतात. तोंडावर म्हणायची छाती मात्र एकट्या शेजारच्या कारखानदाराची. आत्याच्या कारखान्यात सूत रंगवतात, आणि रंगाचं पाणी टाक्यांतून, फिल्टरमधून साफ होऊन गटारात जातं. रोज सकाळी ती शेवटच्या टाकीत एक पांढरं फडकं बुडवते, पिळते आणि रस्त्याकडच्या फाटकावर वाळत घालते. फडक्याला रंग चढला तर त्या दिवशी यंत्रं बंद. असला नियम प्रदूषण मंडळानेसुद्धा केलेला नाही.

"काय निशाणवाल्या बाई, आज कुणाला शरण?" शेजारी विचारतो.

"तुला नाही, एवढं नक्की."

गल्लीची रीत वेगळी. मंडळाचं माणूस कोपऱ्यावर दिसलं की फोन फिरतात, "पाहुणे आलेत," आणि जो तो शेवटच्या टाकीत नळाचं पाणी सोडतो. नमुना स्वच्छ, परवाना मंजूर. गटार मात्र कधी निळं, कधी लाल वाहतं. मला या लबाडीची चीड येते, आणि तिला कुणी हुशारी म्हटलं की जास्तच.

यंदा आमचा परवाना संपत आला होता. नूतनीकरणाचा अर्ज मी भरला, तपासणी तेवढी राहिली होती. परवाना नसला की वीज तोडतात, म्हणजे सगळे कामगार घरी. माझे बाबा आत्याचे धाकटे भाऊ. जीव धास्तावलेला, तरी परवान्यासाठी फ्रेम आधीच आणून ठेवलेली. बाजारात तुरी!

आणि नेमकं तपासणीच्या सकाळी फडकं गुलाबी निघालं. फिल्टरमधला रंग शोषणारा कोळसा कामातून गेला होता. आत्याने फडकं फाटकावर टाकलं.

"ताई, आजच्या दिवस काढ गं ते," बाबांनी हात जोडले.

"गुलाबी आहे तर गुलाबी. दिसू दे लोकांना," म्हणत ती यंत्रं बंद करायला आत गेली.

मंडळाच्या अधिकारी बाई आल्या. त्यांनी फाटकाकडे पाहिलं, मग शेवटच्या टाकीतून बाटली भरली. पाणी अगदी लख्ख! मी बाबांकडे पाहिलं, तर त्यांची पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली.

आत्यालाही ती दिसली. "बाई, ती बाटली ओता. नळाचं पाणी आहे त्यात. आमचं पाणी फिल्टरच्या नळीत मिळेल."

"ही बाटली नेली तर आज पास व्हाल," बाई शांतपणे म्हणाल्या. "ओतली तर परवाना अडकेल. कळतंय ना?"

"कळतंय. पण पास नळ होईल, मी नाही."

"ताई, एवढ्या माणसांच्या पोटाचा प्रश्न आहे!" बाबा मध्ये पडले.

"आणि गटाराच्या खालच्या अंगाला राहतात ती कोण? माणसं नाहीत?"

बाटली ओतली गेली. नळीतला गुलाबी नमुना घेऊन बाई निघाल्या, आणि दुरुस्ती होईपर्यंत कारखाना बंदचा आदेश आला. बाबांनी आत्याशी बोलणं टाकलं. शेजारी फाटकाशी येऊन मनसोक्त हसून गेला. त्या दिवसांत मलाही आत्याचा राग आला होता, उगाच खोटं का बोलू? पण फिल्टर उघडला तेव्हा जुना कोळसा उपसायला सगळ्यांत आधी बाबाच उतरले. वर आले ते नखशिखांत काळे होऊन. आत्याने टॉवेल पुढे केला, त्यांनी घेतला.

नवा कोळसा भरला, फडकं पांढरं निघालं. "नुसत्या रंगावर जाऊ नका, बाकीचं प्रयोगशाळा सांगेल," म्हणत बाईंनी पुन्हा नमुना नेला. प्रयोगशाळेने चांगलंच सांगितलं. परवाना आला.

बाबा हौसेने फ्रेम काढायला गेले, तर ती रिकामी नव्हती. काचेमागे आत्याने गुलाबी फडकं बसवलं होतं, आणि फ्रेम फाटकाला लावायला ती खिळा शोधत होती. परवाना आत, साध्या पिनेने भिंतीवर.

"नापास झाल्याचं मिरवता काय हो, बाई?" शेजाऱ्याने रस्त्यावरून विचारलं.

आत्याने हातोडी खाली केली. "तुझं फडकं बुडवून आण. त्यालाही जागा ठेवलीय."